लांबच्या मिशन प्रवासात सेवा, विसावा आणि मौज यांचं गणित

मिशनवर, म्हणजे चर्चच्या वतीने दूरच्या मुलखात सेवा करायला, गेल्याचा चौथा महिना होता. शाळा सुटल्यावर आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी एकाने खेळायला चला म्हणून माझा हात ओढला, आणि मी तो झटकला. पोरगं गप्प झालं, मागे सरकलं आणि इतरांत जाऊन उभं राहिलं. या मुलांसाठीच तर मी तिथे गेलो होतो. त्या रात्री वही काढून दिवस मोजले. सलग 23 दिवसांत एकही मोकळा नव्हता. कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. प्रत्येक निमंत्रणाला आम्हीच मान डोलावत गेलो होतो. आणि त्याआधीच्या ‘सुट्टी’च्या दिवशी सहा तास जाऊन, सहा तास परत येऊन एक धबधबा बघितला होता.

पुढचं सगळं तीन महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंतच्या प्रवासासाठी आहे. दोन आठवड्यांचा दौरा माणूस जिद्दीवर काढतो. त्याला गणित लागत नाही.

1. निघण्याआधी वहीत चार रकाने पाडा

सेवा, विसावा, मौज आणि खटपट. पहिले तीन सगळ्यांना ठाऊक असतात, घात चौथा करतो. कपडे धुणं, पैसे बदलून घेणं, व्हिसाच्या रांगा, देणगीदारांना पत्रं, सामान बांधणं, ठिकाण बदलणं, ही सगळी खटपट. ती सेवेत मोजली जात नाही म्हणून लोक ती सुट्टीच्या दिवशी उरकतात, आणि मग ‘काल तर सुट्टी होती, तरी थकवा कसा?’ म्हणून बुचकळ्यात पडतात. प्रवासाचा दिवस खटपटीतच धरा, मग खिडकीतून डोंगर कितीही सुंदर दिसोत.

विसावा आणि मौज एका रकान्यात टाकू नका. माझी कसोटी साधी आहे: विसाव्याच्या दिवशी संध्याकाळी अंगात सकाळपेक्षा जास्त जीव असला पाहिजे. मौजेला ही अट नाही. डोंगर चढून आलेला माणूस दमलेला पण खूश असतो, आणि तेही हवंच. पण डोंगर चढून आल्यावर विसावा झाला असं समजून दुसऱ्या दिवशी पहाटे कामाला लागायचं, हे दोन-तीनदाच जमतं.

निघण्याआधीचे दोन आठवडे घरी असतानाच ही नोंद ठेवून बघा. घरी ज्याचा विसाव्याचा रकाना कोरा राहतो, त्याचा परक्या मुलखात आपोआप भरत नाही.

2. देणगीदारांना आधीच सांगा

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि नंतर वर्षभर अपराधी वाटून घेतात. मंडळीने, म्हणजे तुमच्या चर्चच्या लोकांनी, प्रार्थना करून, पैसे गोळा करून तुम्हाला पाठवलेलं असतं. समुद्रकिनाऱ्यावरचा तुमचा हसरा फोटो त्यांच्यापैकी कुणाला तरी खटकणार. खटकू नये म्हणून लोक फोटो लपवतात, मग सहल लपवतात, आणि शेवटी सहल करणंच सोडतात.

त्यापेक्षा पहिल्याच पत्रात चार ओळी लिहा: ‘आठवड्यातला एक पूर्ण दिवस मी काम करणार नाही. दर महिन्याला दोन रात्री कामाच्या ठिकाणापासून दूर राहीन. फिरण्या-खेळण्याचा खर्च मी माझ्या स्वतःच्या बचतीतून करतो, सेवेसाठी आलेल्या निधीतून नाही. विसाव्याच्या दिवशी मेसेजला उत्तर येणार नाही, गैरसमज नसावा.’ चौकशा येणार असतील तर त्या निघण्याआधीच येऊ द्या.

खर्चाची ती ओळ खरी असली पाहिजे. मौजेची रक्कम वेगळ्या खात्यात किंवा निदान वेगळ्या पाकिटात ठेवा. राहणं, जेवण, उपचार आणि विसाव्याची साधी सोय सेवेच्या निधीतून करायला हरकत नाही, कारण त्यांवरच तुमचं काम उभं आहे. तिकीट काढून बघायच्या गोष्टी मात्र आपल्या खिशातून. ही रेघ जितकी स्पष्ट, तितकी मौज मोकळी.

3. कागद, विमा, औषधं

व्हिसा कोणत्या कारणासाठी मिळालाय ते अक्षर न् अक्षर वाचा. पर्यटक व्हिसावर धार्मिक काम करणं अनेक देशांत नियमभंग ठरतं, आणि तो फटका तुमच्याआधी यजमान मंडळीला बसतो. विम्याच्या कागदात दोन गोष्टी शोधा: मोटरसायकल, गिर्यारोहण, पाण्याखालचं डायव्हिंग यांना संरक्षण आहे का (पुष्कळदा नसतं, किंवा जादा हप्ता लागतो), आणि मानसिक आजारावर उपचार घेण्याचा किंवा मध्येच परत यावं लागण्याचा खर्च मिळतो का.

औषधांबाबत एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मलेरियाच्या प्रदेशात जाताना दिल्या जाणाऱ्या मेफ्लोक्विन या गोळीने काही जणांना भीतीदायक स्वप्नं, झोपमोड, चिंता, उदासी असा त्रास होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये तिच्यावर आपला सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापायला लावला. ही गोळी निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी सुरू करतात, म्हणजे त्रास होणार असेल तर घरीच समजायची शक्यता असते. त्रास झाला तर मनाने बंद करू नका. डॉक्टर दुसरा पर्याय देतात. टीममधला एखादा अचानक खचल्यासारखा वागू लागला, तर ‘विश्वासात कमी पडतोय’ म्हणण्याआधी तो कोणती गोळी घेतोय ते विचारा.

4. वेळापत्रक: आधी मोकळे दिवस, मग काम

पहिले दोन आठवडे निम्मंच काम घ्या. वेळेच्या पट्ट्या ओलांडून गेलात तर शरीराचं घड्याळ साधारण पट्टीमागे एक दिवस घेतं. सहा पट्ट्या म्हणजे जवळजवळ आठवडा. त्या आठवड्यात झोप उडालेली असते आणि उत्साह मात्र उतू जात असतो. याच उत्साहात लोक पुढच्या सहा महिन्यांची वचनं देऊन बसतात. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबेर्ग यांनी 1960 च्या लेखात परक्या संस्कृतीत बसणाऱ्या धक्क्याच्या पायऱ्या मांडल्या. त्यांतली पहिली पायरी मधुचंद्रासारखी असते, सगळंच गोड वाटतं. चिडचिड त्यानंतर येते. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत कुणी चौथ्या महिन्यातलं शिबिर मागितलं, तर ‘एक महिन्याने सांगतो’ एवढंच उत्तर द्या.

त्यानंतरची मांडणी अशी करा. दिवसाचे तीन तुकडे धरा: सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्यांपैकी दोनच कामाला. संध्याकाळची सभा असेल तर दुपार मोकळी, आणि मोकळी म्हणजे खटपटीलाही मोकळी नाही. आठवड्यात एक पूर्ण दिवस विसावा आणि अर्धा दिवस खटपट. महिन्यातून दोन रात्री मुक्कामाची जागा बदला, जिथे तुम्हाला ‘मिशनवाले’ म्हणून कुणी ओळखत नाही. तीन महिन्यांनी सलग पाच ते सात दिवस सुट्टी.

रविवार हा विसाव्याचा दिवस धरू नका. घरी तो असेल. मिशनवर रविवारीच सगळ्यांत जास्त ओझं असतं, उपासना, भेटीगाठी, कधी दोन-दोन ठिकाणी संदेश, म्हणजे प्रवचन. आठवड्यातला दुसरा कुठलाही दिवस ठरवा आणि तो सगळ्यांना तोंडपाठ होईपर्यंत बदलू नका. आम्ही सोमवार ठरवला होता. पहिले तीन सोमवार मोडले, चौथ्या सोमवारी मात्र यजमान पाळकांनीच (तिथल्या चर्चच्या धर्मगुरूंनी) दाराशी आलेल्यांना परत पाठवलं.

काम कमी करायची हिंमत होत नसेल तर बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 18 वा अध्याय वाचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो स्पष्ट सांगतो की हे बरं नाही. तूही झिजशील आणि तुझ्याबरोबरचे लोकही. ते ‘लोकही’ लोक विसरतात. दमलेल्या सेवकाची मोठी किंमत त्याच्यासमोर रांगेत उभे असलेले मोजतात.

5. विसाव्याचा दिवस प्रत्यक्षात

तो संध्याकाळी सुरू करा. बायबलमधला विसाव्याचा दिवस, शब्बाथही संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत असतो, आणि त्यात मोठी व्यावहारिक सोय आहे: दिवसाची सुरुवातच झोपेने होते. आदल्या संध्याकाळी फोन टीममधल्या एकाकडे द्या, आळीपाळीने. ज्याच्याकडे फोन, त्याचा विसावा दुसऱ्या दिवशी.

सकाळी गजर नको. प्रार्थना, मनन आणि वाचन हवंच, पण ते पुढच्या संदेशाची तयारी म्हणून नको. वाचता वाचता मुद्दे टिपायला लागलात की समजा, कामावर आलात. त्या दिवसापुरता मी संदेशासाठी कधीच न घेतलेला भाग वाचतो, आणि पेन दुसऱ्या खोलीत ठेवतो.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट इथे उपयोगी पडते (1 राजे 19). देवासाठी मोठं काम केल्यावर तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याला आधी उपदेश मिळत नाही. झोप मिळते, अन्न-पाणी मिळतं, मग पुन्हा झोप, पुन्हा अन्न. देवाची वाणी नंतर येते, लांबचा प्रवास झाल्यावर. टीममधला कुणी मोडकळीला आला की आपण नेमका उलटा क्रम लावतो: आधी प्रार्थनेला बसवतो, झोपेचं कुणी विचारत नाही.

सगळ्या टीमने एकत्रच विसावा घ्यावा हा आग्रह सोडा. वर्षभर एकाच खोलीत सहा-आठ जण राहतात तेव्हा काहींचा विसावा म्हणजे दुसऱ्यांपासून सुटका. यात प्रेम कमी पडत नाही. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 20 मध्ये एक छोटीशी नोंद आहे, ती फारशी कुणी उपदेशात घेत नाही. त्रोवस गावी प्रेषित पौल रात्रभर बोलला होता. मध्यरात्री युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, त्याला उठवून पौल पहाटेपर्यंत पुन्हा बोलतच राहिला. सकाळी बाकीचे जहाजाने अस्सला गेले. पौलाने मात्र स्वतः पायी जायचं ठरवलं होतं. का, ते लिहिलेलं नाही. टीमबरोबर महिनोन् महिने राहिलेल्याला विचारा, तो अंदाज करील.

6. मौज: काय, कुठे, कुणासमोर

स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत धावला नाही, कारण तिच्या फेऱ्या रविवारी होत्या आणि रविवार तो देवाचा दिवस म्हणून पाळायचा. चारशे मीटरचं सुवर्णपदक त्याने जिंकलं. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या नजरकैद छावणीत टाकलं. तिथे तो मुलांचे खेळ घ्यायचा, पण रविवारी नाही. मग रविवारी मुलांनी आपापलं खेळायला सुरुवात केली आणि पंच नसल्यामुळे मारामाऱ्या झाल्या. ज्याने रविवारसाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली, तो त्यानंतर रविवारी शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला. 1945 च्या फेब्रुवारीत त्याच छावणीत मेंदूतल्या गाठीने तो गेला. खेळ ही फालतू गोष्ट आहे असं कुणी म्हणालं की मी त्याला ही हकीकत सांगतो.

मौजेचे दोन प्रकार लक्षात ठेवा. एक यजमानांबरोबरची: त्यांचे खेळ, त्यांची गाणी, त्यांचे विनोद. इथे आपली मौज आणि सेवा एकमेकांत मिसळतात, आणि भाषा वर्गापेक्षा इथे लवकर येते. फक्त खेळ संपल्यावर त्यातून धडा काढू नका. फुटबॉल झाला, मुलांना गोल करून बसवलं, बायबल उघडलं, असं दर वेळी केलंत तर मुलं फुटबॉललाही यायची थांबतात. दुसरी मौज त्यांच्यापासून दूरची: आपल्या भाषेतला सिनेमा, तिकीट काढून बघायचं स्थळ. ती दूरच करावी. जे मित्र त्या तिकिटाचा विचारही करू शकत नाहीत त्यांच्यासमोर तिचे बेत आखू नका, आणि फोटो टाकायचेच तर निदान त्यांच्या मोबाइलवर दिसणार नाहीत असे टाका. हे लपवणं नव्हे. भुकेल्यासमोर जेवू नये एवढंच.

रोजची छोटी मौज मोठ्या सहलीपेक्षा जास्त तारते. सामानात एक निरुपयोगी वस्तू न्या: माउथ ऑर्गन, पत्त्यांचा कॅट, चित्रांची वही. इंग्लिश मिशनरी विल्यम कॅरी 1793 साली बंगालला आले आणि 1834 मध्ये मृत्यू येईपर्यंत एकदाही मायदेशी गेले नाहीत. भाषांतरं, छापखाना, कॉलेज असा त्यांचा व्याप. आपल्या मराठीचं व्याकरणही त्यांनी 1805 मध्ये छापलं. पण बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांची एक बाग होती, आणि त्या झाडांत त्यांचा जीव रमायचा.

हे सांगताना दुसरी बाजू सांगायलाच हवी. त्यांची पत्नी डोरोथी यायला तयार नव्हती; नाही-हो करत आली. 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला आणि त्यानंतर तिचं मन कायमचं ढळलं. 1807 मध्ये ती वारली. कॅरींना बाग होती. डोरोथीला काय होतं? नवरा-बायको किंवा कुटुंबासकट जात असाल तर हा प्रश्न प्रत्येकाच्या नावासमोर लिहा: मुलांसमोर, आणि ज्याने ‘तू म्हणतोस तर जाऊ’ म्हटलंय त्याच्यासमोर सगळ्यांत आधी. लीडरला आवडते ती सहल म्हणजे टीमची मौज होत नाही.

सुरक्षेचं थोडक्यात: रात्रीचा रस्त्याचा प्रवास नको, हेल्मेटशिवाय दुचाकी नको, अनोळखी पाण्यात एकट्याने उतरू नका. परदेशी प्रवाशांच्या मृत्यूंच्या मुख्य कारणांत रस्ते-अपघात येतात, आणि सुट्टीच्या दिवशी माणूस जास्त बेफिकीर असतो.

7. यजमानांना नाही कसं म्हणायचं

‘मला विश्रांती हवी आहे’ असं म्हटलं तर रोज राबणाऱ्या यजमानांना ते विचित्र वाटतं, कधी अपमानही वाटतो. त्याऐवजी ‘हा दिवस मी देवाला दिलेला आहे’ म्हणा, आणि लगेच दुसरी तारीख द्या. तारखेशिवायचा नकार लोकांना लागतो. आल्या-आल्या यजमान पाळकांना विचारा की तेच विसावा कधी घेतात. उत्तर बहुधा ‘कुठे मिळतो’ असंच येईल, आणि मग दोघांचा मिळून एक दिवस ठरवता येतो. तुमच्या जाण्याने त्यांचं काम वाढलेलं असतं, ही गोष्ट आपल्या हिशेबात येतच नाही.

तरी दिवस मोडणारच. मार्क 6:31 मध्ये येशू शिष्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगतो, कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती. तारवात बसून ते जातात, तर लोक धावत त्यांच्याआधी पोचलेले! येशूला त्यांचा कळवळा येतो आणि तो त्यांना शिकवायला बसतो. पण अध्याय इथे सोडू नका. त्याच संध्याकाळी तो शिष्यांना तारवात बसवून पुढे धाडतो, लोकांना निरोप देतो आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला जातो. आमच्या टीमचा नियम यावरूनच केला: दिवस मोडला तर सात दिवसांच्या आत भरून काढायचा, आणि भरून काढायची तारीख वहीत लाल शाईने लिहायची. महिन्यात दोन लाल तारखा न भरता राहिल्या की लीडरने काम रद्द करायचं, विचारायचं नाही.

8. केव्हा थांबायचं

थकवा झोपेने जातो. झोपूनही न गेलेला वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तिकडे तो आजार म्हणून नाही, कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून नोंदला आहे. मिशनवर दुसरं लक्षण आधी दिसतं आणि ते विनोदाच्या वेषात येतं. टीम आपसांत स्थानिक लोकांवर बोचरे विनोद करू लागली की रकाने तपासा.

आपल्या परंपरेत या अवस्थेला एक तेजोवलय आहे, त्यामुळे सावध राहावं लागतं. इंग्लिश मिशनरी हेन्री मार्टिन 1806 मध्ये कलकत्त्याला पोचले तेव्हा, आता देवासाठी जळून जावं, अशा अर्थाचं त्यांनी रोजनिशीत लिहिलं. 1812 मध्ये 31 व्या वर्षी ते आजाराने तुर्कस्तानातल्या तोकातला वारले. नव्या कराराची (बायबलच्या दुसऱ्या भागाची) उर्दू आणि फारसी भाषांतरं मागे ठेवून गेले, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण आठ महिन्यांच्या प्रवासाला निघालेल्या बावीस वर्षांच्या पोरापुढे तो आदर्श म्हणून ठेवणाऱ्यांविषयी नाही.

महिन्यातून एकदा टीमबाहेरच्या, देणगी न देणाऱ्या माणसाशी तासभर बोला. झोप, भूक, राग, प्रार्थना, घरची आठवण, एवढंच. दोन आठवडे झोप नाही, रडू आवरत नाही, किंवा जीव नकोसा वाटतोय, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पुढच्या ठिकाणी गेल्यावर नाही. आणि परत जावं लागलं तर जावं. पौल आणि त्याचा साथी बर्णबा यांच्याबरोबर निघालेला योहान मार्क पंफुल्यातल्या पिर्गाहून अर्ध्यावर परतला. त्यावरून पुढे पौल आणि बर्णबा यांची इतकी तीव्र वादावादी झाली की ते वेगळे झाले. त्याच पौलाच्या नावच्या शेवटच्या पत्रात मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असं लिहिलेलं आहे.

9. परतल्यावर

जिथून निघाले होते त्या अंत्युखियाला परत आल्यावर पौल आणि बर्णबा यांनी मंडळीला सगळं सांगितलं आणि मग शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. ते ‘बरेच दिवस’ तुमच्या कॅलेंडरवर निघण्याआधीच टाका. प्रवासाच्या प्रत्येक महिन्यामागे निदान दोन-तीन दिवस धरा. नोकरीची रुजू होण्याची तारीख त्यानंतरची घ्या. परतीच्या आठवड्यात घरचे लोक आनंदाने भेटी ठरवून ठेवतात, तेव्हा एका माणसाला आधीच सांगून ठेवा की तारखा त्याच्यामार्फत ठरतील.

आणि पहिल्याच रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, बोलावलं तर तिसऱ्या रविवारची तारीख द्या. पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसा.